कलमात नसलेली सूट

काकांचं तेरावं आटोपलं आणि नागपूरहून आलेल्या चार नातेवाइकांना स्टेशनवर सोडायचं काम माझ्याकडे आलं. मी गाडीत बसले, किल्ली फिरवायच्या आधी सहज मागे पाहिलं, तर मागचे तिघंही गुपचूप आपापले पट्टे शोधत होते. मधल्याला बक्कल सापडेना, म्हणून तो अर्धवट उठून सीटच्या फटीत हात घालून चाचपत होता. माझ्या शेजारी बसलेले काकांचे भाऊजी म्हणाले, "आता कशाला? मनोहर थोडीच पाहून राहिला." मागच्या म्हाताऱ्या आत्याबाई एवढ्या जोरात "लावा म्हणते ना!" म्हणाल्या, की भाऊजींनी मुकाट्यानं पट्टा ओढला. तेरा दिवस मी घट्ट राहिले होते, तिथं मात्र हसता हसता रडू आलं.

मनोहर खानझोडे, म्हणजे काका, माझे शेजारी. कोलार रोडवरच्या आमच्या कॉलनीत त्यांचं बारा नंबर, माझं तेरा. मी मूळची पुण्याची, नवऱ्याच्या नोकरीमागे भोपाळला आले. नवरा गेला, मुलगी लग्न होऊन परत पुण्याला गेली, आणि मी आपली इथंच. काकांच्या घराण्याचं वेगळं. मध्य प्रदेशची राजधानी नागपूरहून भोपाळला आली तेव्हा तिथल्या सरकारी कचेऱ्यांबरोबर त्यांचे वडील आले, टी. टी. नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहिले. काका तिथंच वाढले आणि पुढे गाड्यांच्या परवान्यांचं काम बघणाऱ्या एका कचेरीत चिकटून बडे बाबू म्हणून निवृत्त झाले. बाहेर अस्सल भोपाळी हिंदी बोलायचे, पण घरात पाऊल टाकलं की नागपूर. "मंजिरी, काय करून राहिली तू?" असं कुंपणावरून ओरडायचे. सुरुवातीला मला ते ऐकून हसू यायचं. पुढेपुढे मीच फोनवर मुलीला "काय करून राहिलीस" म्हणायला लागले आणि तिनं मला झापलं.

हा माणूस नियमाचा होता हे मी सांगायची गरज नाही, ते भाऊजींच्या पट्ट्यावरून कळलंच असेल. पण मला सांगायचं आहे ते त्या वर्षाचं, जेव्हा शकूकाकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, कॅन्सर झाला. औषध पुरं करायचं की अर्ध्यावर सोडायचं ही गोष्ट शेवटी गाडीच्या एका पट्ट्यापाशी येऊन अडली, आणि काकांना त्यांच्या नियमातून वाट निघेना. ते समजायला आधी काका समजायला हवेत.

बुटके, सडपातळ, बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावलेली. खिशाला पेन, तेही टोपण घट्ट बसलंय का हे दिवसातून दहादा बघणार. हातात पडेल तो कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे. औषधाच्या खोक्यातला तो घडी घातलेला बारीक अक्षरांचा कागद असतो ना, जो आपण फेकून देतो, तो काका चष्मा पुसून वाचायचे आणि मग सावकाश म्हणायचे, "हे जेवणानंतर नाही, जेवणासोबत आहे." दूधवाल्याच्या कार्डावर सही करून खाली तारीख घालायचे. एकदा मी त्यांना वाढदिवसाचं कार्ड दिलं तर त्याच्यावरही कोपऱ्यात "प्राप्त" लिहून तारीख टाकली. काकूंनी ते मला दाखवलं आणि कपाळावर हात मारला.

गाडीच्या पट्ट्याचा नियम त्यांना तोंडपाठ होता. एकशे अडतीस, पोटनियम तीन. ज्या गाडीत पट्टे दिलेले आहेत, तिथं चालवणाऱ्यानं, पुढच्यानं आणि मागे समोर तोंड करून बसलेल्यांनी गाडी चालत असताना ते लावायचे. बस. पाढा म्हणावा तसं म्हणायचे. आणि गंमत म्हणजे त्यांना अपघाताचं काही पडलेलं नव्हतं. मी एकदा कुणाच्या तरी डोक्याला काच लागल्याची गोष्ट सांगायला लागले तर हात वर करून मला थांबवलं. "ते अपघाताचं डॉक्टरला सांग. नियमात काय लिहिलं आहे, ते पाहायचं." म्हणजे लोक जीव वाचवायला पट्टा लावतात आणि हे कलम वाचवायला लावायचे.

रविवारी सकाळी त्यांच्या ओसरीवर पोहे-जिलेबी व्हायची आणि कॉलनीतले लोक कागद घेऊन यायचे. कुणाचं पेन्शन अडलेलं, कुणाची गाडी नावावर होत नसलेली. आणि पोलिसांनी मागच्या सीटवरचे पट्टेही तपासायला सुरुवात केली तेव्हापासून एक नवीनच गर्दी व्हायला लागली, सूट मागणाऱ्यांची. काका निवृत्त माणूस, त्यांच्या हातात द्यायला काय होतं? पण लोकांना वाटायचं, बडे बाबू आहेत, कुठली तरी खिडकी ठाऊक असेल.

एक गृहस्थ आले, पोट पुढे आलेलं. म्हणाले, दबाव पडतो. काका म्हणाले, "पोट हा शब्द कलमात नाही." एका नेत्याचा पुतण्या आला, म्हणाला, हमको कौन रोकेगा. काकांनी त्याला पोह्यांची बशी दिली आणि शांतपणे सांगितलं, "कोई नहीं रोकेगा, बेटा. पर न रोकना अलग, छूट अलग." तो पुतण्या जिलेबी खाऊन गेला, त्याला काही कळलं असेल असं मला वाटत नाही. एक सासूबाई आल्या, सुनेला सातवा महिना, पट्टा बाळाला लागेल म्हणून चिठ्ठी द्या म्हणाल्या. "गर्भवती हाही शब्द कलमात नाही, बाई. डॉक्टरला विचारा." सासूबाई फणफणत गेल्या. डॉक्टरीणबाईंनी सुनेला सांगितलं की पट्टा लावायचाच, फक्त पोटाखालून घ्यायचा. काकांना केवढा आनंद! बाळ सुखरूप राहील म्हणून नव्हे हो, कलम बरोबर निघालं म्हणून.

त्या सगळ्या गर्दीतून काकांनी एकाच माणसाला सूट दिली. त्याच्याकडे आजोबांच्या वेळची एक जीप होती, कंपनीनं तिला पट्टे दिलेलेच नव्हते. काकांनी जीपभोवती दोन फेऱ्या मारल्या, आत वाकून पाहिलं, मग त्या माणसाशी हस्तांदोलन केलं. "तुमची गाडी सुटली. पट्टा दिलाच नाही तर लावणार कुठून? कलम लागूच नाही." तो माणूस पेढे वाटायचा बाकी राहिला.

माझ्या मुलीच्या लग्नातला प्रसंग तर आमच्या घरात अजून निघतो. नवरदेवाला जानवशाहून कार्यालयात आणायचं काम काकांनी स्वतःहून घेतलं. फुलांनी सजवलेली गाडी, नवरदेव फेटा, हार, शेरवानी घालून पुढे बसलेला, मागे त्याचा इंदूरचा मामा. काका किल्ली हातात घेऊन बसलेले. मुहूर्त जवळ आला, बँडवाल्यांचं वाजवून वाजवून तोंड दुखलं, आणि गाडी हलेना. मी धावत गेले. मामा म्हणतात, "अहो, नवरदेव म्हणजे आज विष्णू, त्याला कसला पट्टा?" काका म्हणतात, "विष्णूची गाडी गरुड. गरुडाला पट्टा नाही. ह्या गाडीला आहे." मामा रुसून खाली उतरायला निघाले. मुलीकडची मी, हात जोडून मामांच्या दारापाशी उभी राहिले! शेवटी नवरदेव, म्हणजे माझा जावई, बिचारा म्हणाला, "लावतो ना मी, मामा." तर हारामुळे पट्टा बसेना. काकांनी उतरून स्वतः हार वर उचलला, पट्टा आतून घेतला, हार पुन्हा नीट ठेवला आणि फेटा सरळ केला. इतक्या हळुवार हातांनी केलं की मामाही परत आत येऊन बसले. मुहूर्त टळला नाही, पण माझ्या व्याह्यांना अजून वाटतं की भोपाळचे लोक जरा सर्किट असतात.

आता शकूकाकू. अमरावतीच्या. उंच, दणकट, हसल्या की घरभर ऐकू यायच्या. काकांच्या नियमांची टर उडवायचा परवाना जगात फक्त त्यांना होता. गाडीत पुढची डावी सीट त्यांची, चाळीस वर्षं. काकांनी पट्टा म्हटलं की म्हणायच्या, "गाडी चालत असताना ना? मग चालू द्या की आधी." काका खरोखर गाडी हातभर पुढे घ्यायचे, थांबवायचे, आणि मग काकू राणीसारखा पट्टा लावायच्या. हे रोज. भाजीला जाताना, देवळात जाताना, रोज. मी कुंपणाआडून बघायचे आणि मला माझ्या नवऱ्याची आठवण यायची.

गाठ निघाली तेव्हा त्यांनी प्रथम मला सांगितलं, काकांना नाही. साकेत नगरच्या मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, डावा स्तन काढावा लागला. नंतर केमोचे सहा डोस ठरले, तीन तीन आठवड्यांनी. काकांनी सहाही तारखा कॅलेंडरवर लाल पेनानं लिहून ठेवल्या. डॉक्टरांनी सांगितलं, सहा पुरे केले तर आशा चांगली आहे. मधे सोडून चालणार नाही.

पहिल्या डोसला त्यांच्याच गाडीतून गेले. कोलार रोडवरून साकेत नगर म्हणजे काही लांब नाही, पण त्या रस्त्यावर जेवढे स्पीडब्रेकर आहेत तेवढे माझ्या आयुष्यातही आले नसतील. पट्टा काकूंच्या डाव्या खांद्यावरून नेमका त्या जागेवर. प्रत्येक ब्रेकरला पट्टा आवळायचा आणि काकू ओठ दाबून बसायच्या. दुसऱ्या डोसला काकांनी टॉवेलची घडी मधे घातली, ती सारखी खाली घसरायची. परतताना मागच्या सीटवर, दुसऱ्या बाजूला बसवलं, तर पट्टा दुसऱ्या खांद्यावरून आला पण शिवणीच्या खालच्या टोकाला लागायचा तो लागायचाच. शिवाय मागे बसून त्यांना उलटी झाली. घरी पोचल्यावर मला म्हणाल्या, "आणि मागं बसायला मी काय त्यांची साहेब आहे?" मी हसले. त्या हसल्या नाहीत.

दोन दिवसांनी त्यांनी जाहीर केलं, "मी नाही जाऊन राहिली आता. दोन झाले, पुष्कळ झाले. केमोचं मी सहन करीन, उलट्या करीन, केस गेले ते गेले. पण तो पट्टा त्या जागेवर नाही लावून घेणार." त्यांच्या मुलानं हैदराबादहून फोनवर वडिलांना सांगितलं, बाबा, कोण पकडतंय, नका लावू. मीही तेच म्हणाले. काका खुर्चीत बसून कॅलेंडरकडे बघत होते. म्हणाले, "पकडण्याचा प्रश्न नाही. सूट नाही ना."

मला इतका राग आला म्हणून सांगू! पण मी काही बोलायच्या आत त्यांनी पेन काढलं आणि अर्ज लिहायला घेतला. हिंदीत, स्वच्छ अक्षरात, वरती विषय, खाली सविनय निवेदन. पत्नीची शस्त्रक्रिया, जागा, कालावधी, किती फेऱ्या. डॉक्टरकडे जाऊन त्यांनी लिहून मागितलं. तिथल्या तरुण डॉक्टर मुलीनं सांगितलं, "बाबूजी, उस जगह दबाव न पड़े, इतना मैं लिख सकती हूँ. बेल्ट का मैं कैसे लिखूँ?" तिनं लिहिलं तेवढं जोडून काका टी. टी. नगरच्या आपल्या जुन्या कचेरीत गेले. मी सोबत होते, कारण त्या दिवसांत त्यांना एकट्याला सोडायला काकू तयार नव्हत्या.

ज्या खिडकीच्या आत त्यांनी नोकरी काढली, तिच्या बाहेर काका रांगेत उभे राहिले. ओळखीचं कुणी उरलं नव्हतं. नंबर आला. आतल्या मुलानं अर्ज पूर्ण वाचला, वरपासून खालपर्यंत, चिठ्ठीसकट. मग त्यानं मान वर केली आणि नरमाईनं सांगितलं, "बाबूजी, इसका कोई प्रावधान नहीं है. हम लिखकर कुछ नहीं दे सकते." काकांनी अर्ज परत घेतला, घडी केली. "ठीक कहा," म्हणाले. पायऱ्या उतरताना मला म्हणाले, "बराबर सांगितलं पोरानं. मीही हेच सांगितलं असतं." चार पायऱ्या खाली आल्यावर कठडा धरून उभे राहिले. "सांगितलं आहे मी. किती जणांना सांगितलं आहे." त्यांचा चेहरा पाहवेना. मी पाणी आणायला गेले आणि मुद्दाम उशीर केला.

तिसऱ्या डोसच्या सकाळी मात्र काका एकदम टवटवीत. कुंपणापाशी येऊन म्हणाले, "मंजिरी, सापडलं! पट्टा दिलाच नाही अशी गाडी पाहिजे ना? ऑटो!" आणि खरोखरच दारात ऑटोरिक्षा उभी. जन्मात ऑटोत न बसलेला माणूस, ऑटोवाल्यांना 'भैताड', म्हणजे वेडसर, म्हणणारा, आज त्या ऑटोवाल्याला चहा पाजत होता. "कलम लागूच नाही," मला पुन्हा एकदा सांगितलं. काकूंना पटलं नव्हतं, पण काका दोन दिवस इतके धडपडत होते की त्यांना नाही म्हणवलं नाही. शाल गुंडाळून बसल्या. काका शेजारी, एक हात त्यांच्या पाठीमागून.

अर्ध्या तासात दोघं परत. चूना भट्टीच्या अलीकडे गाय आडवी आली, ऑटोवाल्यानं करकचून ब्रेक मारला, आणि काकू पुढच्या दांडीवर आदळल्या. डावीकडूनच. काकांच्या ओठातून रक्त येत होतं, त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. शिवण उसवली नाही हे नशीब, पण सगळं सुजलं. डॉक्टरांनी डोस एक आठवडा पुढे ढकलला.

मी त्यांना बोलले. फार बोलले. "काका, पट्टा कशासाठी असतो हो? ऑटोला पट्टा नाही म्हणजे ऑटोत माणूस पडत नाही का? तुमच्या कलमात ऑटो बसली, पण काकू कुठे बसल्या?" वयानं मोठ्या माणसाशी असं बोलू नये, पण मी बोलले, आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. काका ओठावर बर्फ धरून बसले होते. बर्फ बाजूला ठेवून म्हणाले, "चुकलं." मग पुन्हा, काकूंच्या खोलीकडे बघून, "माझं चुकलं, शकू."

तो आठवडा तसाच गेला. काकूंनी ठरवून टाकलं होतं, जायचं नाही. मी जेवण घेऊन जायचे, त्या दोन घास खायच्या आणि भिंतीकडे तोंड करायच्या. रविवारी पोहे झाले नाहीत. आलेल्या लोकांना काका फाटकातूनच परत पाठवत होते.

तारखेच्या सकाळी नऊ वाजता मी गेले तर गाडी फाटकाबाहेर काढलेली, पुढचं डावं दार उघडं, आणि काका ते धरून उभे. इस्त्रीचा शर्ट, मनगटाची बटणं लावलेली. काकू ओसरीत बसलेल्या, डोक्याला हिरवा स्कार्फ.

"चाल, शकू," काका म्हणाले. "पट्टा राहू दे."

काकूंनी वर पाहिलं. "आणि तुमचा नियम?"

"मोडतो. सूट नाही, पण मोडता येतो. मोडला की दंड आहे, तो मी भरीन."

काकूंनी स्कार्फची गाठ घट्ट केली. मग उठल्या. मला म्हणाल्या, "तूही चाल गं मंजिरी, या माणसाचा भरवसा नाही." मी मागे बसले आणि माझा पट्टा लावला, मला तर काही निमित्त नव्हतं.

काका इतके हळू निघाले की सायकलवाले पुढे जात होते. सगळं ठीक चाललं होतं. आणि चूना भट्टीच्या चौकात पोलीस दिसला तशी काकांनी गाडी त्याच्या पुढ्यात नेऊन उभी केली! त्यानं हात केला नव्हता, शिट्टी मारली नव्हती. काच खाली करून म्हणाले, "नमस्कार. मेरी पत्नी ने बेल्ट नहीं लगाया है. चालान काटिए."

पोलीस तरुण होता. वाकून आत पाहिलं. काकूंचा स्कार्फ पाहिला, बिनभुवयांचा चेहरा पाहिला, मांडीवरची हॉस्पिटलची फाइल पाहिली. सरळ उभा राहिला आणि म्हणाला, "जाइए बाबूजी. माताजी को छूट है."

"किस नियम में?"

"नियम छोड़िए ना. हमारी तरफ़ से."

"आपकी तरफ़ से कैसे? आपको अधिकार नहीं है. आप रोक नहीं रहे हैं, वो अलग बात है. छूट अलग बात है. आप काटिए."

"अरे बाबूजी, लोग छोड़ने के लिए हाथ जोड़ते हैं, और आप..."

मागे हॉर्न सुरू झाले. एक बसवाला खिडकीतून डोकं काढून आमचा उद्धार करत होता. काका खिशातून लायसन्स काढून पुढे करत होते, पोलीस ते परत आत ढकलत होता, आणि हे असं दोनतीनदा झालं. मला रडावं की हसावं कळेना. तेवढ्यात आवाज आला. काकूंचा. त्या हसत होत्या. ऑपरेशनपासून मी ते हसणं ऐकलं नव्हतं, घरभर ऐकू जायचं ते. हसता हसता त्यांना खोकला आला, त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "अहो, सोडा त्या पोराला. त्याची ड्युटी संपून जाईल इथं. लावते मी, बाप्पा, लावते!" आणि उजव्या हातानं पट्टा ओढून त्यांनी स्वतः बक्कल बसवलं. पोलिसाला म्हणाल्या, "लगा लिया, बेटा. इनसे मैं चालीस साल में नहीं जीती, तू क्या जीतेगा." तो हात जोडून हसला आणि त्यानं आमच्यासाठी चौक मोकळा केला.

सांगून टाकते. काकूंचे सहाही डोस पुरे झाले. तो तिसरा होता, उरलेले तीन त्यांनी एकही तारीख न चुकवता घेतले, आणि आज त्या ठणठणीत आहेत. गेले ते काका, हृदयविकाराच्या एकाच झटक्यात, ध्यानीमनी नसताना. पण त्या सकाळी यातलं आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं. गाडीत तिघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं की कोण राहणार आहे.

चौकातून निघालो. काकूंनी पट्टा उजव्या हातानं छातीपासून वर उचलून धरला होता. डावा हात त्यांचा वर जात नव्हता आणि उजव्याला सुयांनी काळंनिळं केलेलं. पहिल्या ब्रेकरपर्यंत हात टिकला, दुसऱ्याला खाली यायला लागला. मी मागून हात पुढे करणार, एवढ्यात काकांनी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली, स्टिअरिंगवरचा डावा हात काढला आणि काकूंच्या मुठीच्या शेजारी पट्टा धरून बाहेर ओढला. पट्टा अंगापासून चांगला वीतभर दूर झाला. काकूंनी हात खाली मांडीवर ठेवला. गिअर बदलायला हात नव्हता, म्हणून गाडी दुसऱ्यातच गुरगुरत राहिली. काका समोर रस्त्याकडे बघत होते, मानेच्या शिरा ताणलेल्या.

थोडं अंतर गेल्यावर काकू म्हणाल्या, "अहो, दोन्ही हात स्टिअरिंगवर पाहिजे ना? त्याचाही काही नियम असेल."

"आहे," काका म्हणाले. "असू दे."